केशरी तळहातांचा खुलासा

तीर्थस्वरूप मामांना,

धाकट्या भाच्याचा दोन्ही हात जोडून (हातांविषयी पुढे सविस्तर येईलच) शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? मध्यंतरी तुम्ही दोघांनी चुकून एकमेकांची औषधं घेतलीत आणि दोघांनाही उतार पडला असं ताईनं कळवलं होतं, तेव्हा तेच पुढे चालू ठेवायला हरकत नसावी. मी इथे खुशाल आहे. हे वाक्य पत्रात घालायचं असतं म्हणून घातलेलं नाही. ते शब्दशः खरं आहे आणि तुम्हाला ते पटावं एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

तुमचं कार्ड पोचलं. 'लिव्हर गेल्याचं कळलं. कशानं ते विचारत नाही. निघून ये.' एवढ्या तीन वाक्यांत तुम्ही माझं चारित्र्य निकालात काढलंत. (निवृत्त मुख्याध्यापकांनी निकाल तरी नीट तपासून लावावा, असं एका माजी विद्यार्थ्याचं नम्र मत आहे.) बातमी कुणी आणली हे मला ठाऊक आहे. तुमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा बस कंडक्टर. महिन्याभरापूर्वी त्याच्याकडून तिकीट घेताना त्याची नजर माझ्या तळहातावर गेली, मग नाकाच्या शेंड्यावर गेली, आणि उरलेला रस्ताभर तो माझ्याकडे अशा मायेनं बघत होता, की उतरताना मला त्यानं हात दिला. तर मामा, मी दारूचा थेंब घेत नाही. माझी लिव्हर जागच्या जागी आहे. माझे हात केशरी झाले आहेत ते रताळ्यांनी. आता हे वाक्य वाचून तुम्ही चष्मा काढून पुसाल आणि पुन्हा वाचाल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

ही नोकरी मला तुमच्या शब्दावर लागली हे मी विसरलेलो नाही (मामी विसरू देत नाहीत). पण नोकरीत करायचं काय असतं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी कधी सांगितलं नाही, कारण लहानपणी तुम्ही चिडलात की मला 'रताळ्या' म्हणायचात, आणि पुढे पोटापाण्यासाठी मी तेच विकत फिरतो हे सांगायला जीभ रेटली नाही. विकत म्हणजे फुकटच वाटत. नेहमीचं पांढरं रताळं इथे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या प्रकल्पाचं रताळं आतून केशरी असतं आणि त्या रंगातच डोळ्यांना आणि अंगाला लागणारं जीवनसत्त्व असतं. इथली पोरं उपाशी नाहीत. पीठ आहे, मीठ आहे, पोट भरतं. पण रोज तेच ते खाऊन अंगाला जे लागायला हवं ते लागत नाही, मग पोरं किरकिरी होतात, सारखी आजारी पडतात, आणि काहींचे डोळे अधू होतात. माझं काम सोपं होतं. घरोघरी हे रताळं लोकांना खायला लावायचं, वेलाचे तुकडे, म्हणजे बेणं, वाटायचं आणि ते परसात लावून घ्यायचं. हंगामाच्या मध्यावर साहेब पाहणीला येणार, तेव्हा चाळीस घरांच्या परसात वेल दिसला पाहिजे. नाही दिसला तर प्रकल्प दुसऱ्या गावाला जाणार, आणि त्याबरोबर बेणंही.

राहायला खोली मिळाली ती पिठाच्या गिरणीवर. खाली गिरणी, वर मी, आणि मधल्या फळ्यांच्या फटींतून येणारं पीठ. सकाळी उठलो की मी माझ्या वडिलांसारखा दिसायचो. गिरणी चालवतात एक आजी. वय सत्तरीच्या पुढे, आवाज पट्ट्याच्या घरघरीवर मात करणारा, आणि गावातल्या प्रत्येक घरात कुठलं धान्य संपत आलंय हे त्या घरच्या बाईआधी ह्यांना ठाऊक. आजींचा सगळ्या जगाबद्दलचा अभिप्राय दोन बोटांत पीठ चोळून ठरतो. पहिल्याच दिवशी मी त्यांना रताळं कापून दाखवलं. त्यांनी ते चोळून पाहिलं, वास घेतला आणि परत दिलं. पिठात रंग दिसला की भेसळ असते, एवढंच म्हणाल्या, आणि खटका ओढून गिरणी सुरू केली, म्हणजे वाद संपला.

ह्या आजींची एक नात आहे, चार वर्षांची. आईबाप कामासाठी लांब असतात, पोर आजीजवळ. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण दिवसभर ती पोत्यांवरून उड्या मारत असते. पण ऊन कललं की ही भिंगरी थांबायची. गिरणीच्या पायरीवर बसायची आणि हलायची म्हणून नाही. आजी म्हणायच्या, हट्टी आहे. शेजारी म्हणायचे, भित्री आहे. एकदा संध्याकाळी मी तिला अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारली, तर ती उठली आणि सरळ हातगाडीवर जाऊन आपटली. गाडी तिथे रोजच असते. ती उजेडात त्या गाडीखालून सुरकन निघून जाते. मामा, प्रशिक्षणात हे आम्हाला चित्रात दाखवलं होतं, तेव्हा मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होतो, पण त्या संध्याकाळी सगळं लख्ख आठवलं. पोरीला तिन्हीसांजेनंतर दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि तेच सांगितलं. औषध होतं, पण त्याची पेटी संपलेली होती आणि नवी 'परवा' यायची होती. (हा परवा पुढे दीड महिना चालला. मी रोज फोन करायचो. पलीकडचा माणूस शेवटी माझ्या आवाजावरूनच 'परवा' म्हणायला लागला.) तोवर पोरीच्या पोटात केशरी रताळं जाऊ द्या, आणि औषधानंतरही रोज जाऊ द्या, असं बाईंनी आजींना बजावलं. आजींनी मान हलवली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, भाडं वेळेवर देतोस म्हणून राहू देते, माझ्या नातीला रंग चारू नकोस.

आता माझ्या हातांचं. आमच्या कामाच्या पुस्तिकेत एक कलम आहे, की लोकांना नवीन अन्न खायला सांगण्यापूर्वी प्रचारकानं ते स्वतः खाऊन दाखवावं. कलम लिहिणाऱ्यानं गावात किती घरं असतात ह्याचा विचार केलेला दिसत नाही. मी रोज आठ-दहा घरं घ्यायचो. प्रत्येक घरी उकडलेलं रताळं, वर चमचाभर तेल (तेलाशिवाय ते अंगी लागत नाही), आणि समोर मी. घरचे सगळे गोल करून बसायचे आणि मी खाताना पाहायचे. संपलं की बाई आणखी एक वाढायची, कारण पाहुण्यानं एकच खाल्लं तर आवडलं नाही असा अर्थ होतो. दुसरं संपलं की पोरं खूश व्हायची, कारण मी चावताना माझे कान हलतात म्हणे. मग मी तक्ता काढायचो. तक्त्यात एकच प्रश्न होता : आज ह्या घरात रताळं खाल्लं गेलं का? बाई अगदी मनापासून हो म्हणायची. मीही मनापासून बरोबरची खूण करायचो. महिन्याअखेर माझ्या तक्त्यात एकही फुली नव्हती आणि कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र आलं. ते मी खोलीत लावलं होतं, दोन दिवसांत पिठानं पुसलं गेलं.

घोळ उघडकीला आणला नर्सबाईंनी. महिन्यातून एकदा त्या पोरांना काट्यावर घालतात. त्यांनी सगळी वजनं माझ्या तक्त्याशेजारी मांडली आणि मला बोलावून घेतलं. एकाही पोराचं वजन तसूभर हललं नव्हतं. मी तावातावानं तक्ता पुढे केला, घराघरांत रताळं खाल्लं जातंय म्हणून सांगायला लागलो. बाईंनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, 'जरा तुम्ही उभे राहा काट्यावर.' मामा, मी सव्वासात किलोंनी वाढलो होतो. गावाचं सगळं पोषण एकट्या माझ्या अंगावर चढलं होतं. लोकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांची प्रामाणिक समजूत अशी झाली होती, की सरकारी माणसाला रोज रताळी लागतात, त्याला पथ्य असेल, आपण ती उकडून द्यायची आणि बदल्यात तो परसात वेल लावून देतो. काहींना माझी दयाही यायची. एकीनं तर मला माझ्या आजाराचं नाव विचारलं होतं, तेव्हा मी तो विनोद समजलो होतो.

हे निस्तरतोय तोवर दुसरं संकट उभं राहिलं. गिरणीवर राहिल्यामुळे माझ्या हातांना कायम पीठ असायचं, त्यामुळे खाली काय रंग चढतोय हे मलाच कळलं नाही. त्या आठवड्यात मी केस कापायला गेलो. सलूनवाल्यानं अंगावर चादर टाकली, डोकं भिजवलं, अर्धे केस कापले, चेहरा ओल्या फडक्यानं पुसला आणि हातातली कात्री खाली ठेवली. 'साहेब, तुम्ही पिवळे पडलात,' तो म्हणाला. अर्धे केस कापलेल्या अवस्थेत मी आरशात पाहिलं. नाक पिवळं. तळवे तर पिकलेल्या फळासारखे. सलूनवाल्यानं निदान केलं, कावीळ. तिथे पेपर वाचत बसलेल्या चौघांनी त्याला दुजोरा दिला. त्यातल्या एकानं कारणही काढलं, की दुसरं काय, दीड महिना एकच एक कंद खातोय तो. (तुमच्या कंडक्टरनं काढलेलं कारण निराळं, पण तो परगावचा. इथल्यांना माझं आयुष्य माहीत असल्यानं ह्या लोकांना दारूची शंका आली नाही.) माझे उरलेले केस कापून होईपर्यंत बातमी गावाच्या वेशीला जाऊन परत आली होती.

त्या संध्याकाळी गावानं रताळं सोडलं. सकाळपर्यंत सत्तावीस घरांनी वेल उपटून शेळ्यांपुढे टाकले. शेळ्यांना ते फार आवडले. इतके दिवस मी एवढी भाषणं केली, पण ह्या पिकाचं खरं चीज शेळ्यांनी केलं. लोक मला रस्त्यात दिसले की बाजूला व्हायचे. ज्या बाया मला दुसरं वाढायच्या, त्या दारातूनच पाणी पुढे करायच्या आणि पेला परत घ्यायच्या नाहीत. माझ्या खोलीत एकूण अकरा पेले जमले. साहेबांच्या पाहणीला नऊ दिवस राहिले होते आणि परसांत वेल उरले होते तेरा. खरं सांगतो मामा, तुमचं 'निघून ये' कार्ड त्याच दिवशी मिळालं आणि मी बॅग काढली होती. पीठ झटकून कपडे भरत होतो. खाली पायरीवर भिंगरी बसलेली होती, ऊन कललं होतं, आणि ती आपल्या पायाचा अंगठा कुठे आहे ते हातानं चाचपून बघत होती. बॅग परत फळीवर ठेवली. दुसरं काही सुचलंच नाही.

नर्सबाईंकडे गेलो आणि म्हटलं, कावीळ असेल तर एकदाचं सांगून टाका. त्यांनी माझ्या पापण्या वर करून पाहिल्या, लघवीचा रंग विचारला, रक्त तपासायला धाडलं आणि अहवाल आल्यावर मनमुराद हसल्या. कावीळ असली की आधी डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं. माझे डोळे स्वच्छ पांढरे. रताळ्याचा रंग कातडीत उतरला होता, इतकंच. अपाय काही नाही, खाणं कमी केलं की दोन-तीन महिन्यांत जाईल. मग गावाला हे सांगायचं कसं? बाई म्हणाल्या, सांगून उपयोग नाही, दाखवायला हवं. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात सभा बोलावली आणि मला बाकावर उभं केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी दीडशे माणसांसमोर केलं. बाईंनी माझ्या पापण्या ओढून डोळे दाखवले, लोक रांगेनं येऊन बघून गेले, माना हलवल्या, आणि पुन्हा लांब जाऊन बसले. पटलं कुणालाच नव्हतं. मागून एक जण म्हणाला, रंग धुवून जातो का बघा, नाहीतर रोगच.

तेव्हा आजी उठल्या. एरवी त्या गिरणी सोडून कुठे जात नाहीत, त्या सभेला आल्या हेच मला नवल वाटत होतं. बादली मागवली, साबण मागवला आणि माझे हात घासायला घेतले. मामा, पोतं घासतात तसे घासले. पाणी ओतलं. रंग तसाच. दोन बोटांत माझा तळवा चोळून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्या बोलल्या, आणि त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहितो :

'चाळीस वर्षं पीठ दळतेय. माझे हात रोज पांढरे होतात, ते वरून. धुतले की गेलं. भेसळीचा रंगही वरचाच, पाण्यात सुटतो. ह्याचा सुटत नाही. म्हणजे आतून आलाय. चांगलं पीठ खाल्लं तुम्ही जन्मभर, कधी काही हातापर्यंत पोचलं? हे मेलं नखापर्यंत पोचलं! मग जे नखापर्यंत जातं ते माझ्या पोरीच्या डोळ्यांपर्यंत जायला काय वाट चुकेल?'

मी दोन महिने तक्ते आणि चित्रं घेऊन जे सांगत होतो ते त्यांनी एका बादलीत सांगितलं. व्हरांड्यात आधी कुजबुज झाली, मग एक बाई पुढे आली आणि तिनं माझा हात स्वतः चोळून पाहिला, मग दुसरी आली. तासाभरात माझी सालं निघायची बाकी होती. आजींनी त्याच दिवशी माझ्या पोत्यातून चार रताळी उचलली, आणि भाड्यातून वळती करीन असंही म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून भिंगरीच्या ताटात रोज एक असतं, वर तेल घालून. चार दिवसांनी तो 'परवा' एकदाचा उगवला, औषधाची पेटी आली, आणि नर्सबाईंनी पहिला डोस भिंगरीला दिला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळी, मी अंगणाच्या टोकाला चपला घालत होतो. दिवे लागले नव्हते. पायरीवरून भिंगरी ओरडली, 'काका, तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय!' मी खाली पाहिलं. खरंच तुटलं होतं. मला स्वतःलाही वाकल्याशिवाय दिसलं नाही ते तिला अंगण ओलांडून दिसलं. गिरणीचा पट्टा थांबला. आजी दारात आल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मी रडलो मामा, लाज कशाला वाटू द्यायची. मग श्रेयावरून भांडण झालं. नर्सबाई म्हणाल्या औषध, मी म्हटलं रताळं, आजी म्हणाल्या दोन्ही माझ्याच घरात दिलं गेलं. नर्सबाईंचं अधिक खरं असावं, पण त्याच पुढे म्हणाल्या की औषध सहा महिन्यांतून एकदा मिळणार आणि जेवण रोजचं असतं, म्हणून मी ते भांडण सोडून दिलं.

पाहणी त्याआधीच पार पडली होती. साहेब आले तेव्हा वेल होते एक्केचाळीस (एक्केचाळिसावा खुद्द सलूनवाल्याचा, दुकानाच्या दारात, तेलाच्या डब्यात). साहेब खूश झाले, माझा हात हातात घेतला, आजींची हकिकत ऐकली, आणि लेखी हुकूम काढला की हंगाम संपेपर्यंत प्रचारकानं हाताचा रंग टिकवावा. मी आता कागदोपत्री प्रचार-साहित्य आहे. फळ्याच्या आणि पोस्टरच्या मधल्या ओळीत माझी नोंद झाली आहे. सकाळी दोन, दुपारी दोन, असा माझा खुराक ठरवून मिळालाय.

एवढं वाचून तुमचा माझ्या लिव्हरवर पुन्हा विश्वास बसला असेल अशी आशा करतो. कंडक्टरला हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. मामींना नमस्कार, ताईला आठवण, आणि तुम्हाला पुन्हा एकदा केशरी नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (तुमचं कार्ड वगळता),
धाकटा भाचा

ता. क. : पत्र संपवलं आणि आठवलं, की मुद्द्याचं लिहायचं राहिलं. आता शंभर घरं बेणं मागतायत आणि पाहणीनंतर आमचा बेण्याचा वाफा चटावलेल्या शेळ्यांच्या पोटात गेला. उरलेले वेल कुठेतरी कुंपण असलेल्या, पाणी असलेल्या, शेळी नसलेल्या जागी लावून वाढवले पाहिजेत. तुमच्या मागच्या अंगणात ही तिन्ही लक्षणं आहेत. तुम्ही नाही म्हणणार नाही ह्या खात्रीनं मी फॉर्मवर तुमची सही केली. (तुमची सही मला शाळेपासून जमते. प्रगतिपुस्तकाचा विषय आज नको.)

ता. क. २ : मागच्या अंगणात तुमची हिरवळ आहे हे मला माहीत आहे. होती, असं लिहायला हवं. मामींना मी आठ दिवसांपूर्वीच वेगळं पत्र टाकलं होतं आणि त्यांनी सऱ्या पाडून घेतल्या आहेत. गुडघ्यामुळे तुम्ही मागच्या दारी जात नाही हे त्यांच्या पथ्यावर पडलं. त्यांना रागावू नका, त्या म्हणाल्या की चाळीस वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी खाण्याजोगं लागतंय.

ता. क. ३ : पत्र बुधवारी पोचेल, टेम्पो गुरुवारी. वेल दुसऱ्या कुणाच्या हातून लावले जाणं आजींना मंजूर नाही, म्हणून गिरणी दोन दिवस बंद ठेवून त्या स्वतः येतायत, आणि बरोबर भिंगरी. पोचेपर्यंत अंधार पडायला लागेल. मामी सवयीनं फाटकातला दिवा लावतील आणि बॅटरी घेऊन पुढे धावतील. मामा, त्यांना धरून ठेवा. दिवा लावू नका. फाटकापासून तुमच्या दारापर्यंत एकटीनं चालत यायचं असं भिंगरीनं ठरवलंय, आणि गेले चार दिवस ती सगळ्यांना तेच सांगत फिरतेय. तुम्ही फक्त दारात उभे राहा आणि तिला लांबूनच विचारा, मी कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय म्हणून.